चार बोटांचा दांडा

दुकानात पुडकं बांधणारा एक आणि ते घरापर्यंत नेणारा दुसरा, माझ्या मते सगळी भानगड इथूनच सुरू होते. बांधणाऱ्याला एवढंच बघायचं असतं की खोकं उघडायला नको, माल सांडायला नको. पुढे ते कुणीतरी हातात धरून इंदूरच्या राजवाड्यापासून रिक्षापर्यंत, रिक्षापासून जिन्यापर्यंत आणि जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर नेणार आहे, हा काही त्याच्या धंद्याचा भाग नाही. म्हणजे सुतळी बांधली जाते ती खोक्यासाठी, बोटांसाठी नाही. बोटांसाठी लागते ती मूठ, आणि हे सगळं तिच्याबद्दल.

आता आमच्या इंदूरच्या मराठी माणसाला बांधलेलं खोकं उचलणं काही टळत नाही बघा. पुण्याला निघालो की आत्याचा फोन ठरलेला, "येताना शेव घेऊन ये रे, लवंगवाली, आणि जरा जास्तच आण, शेजारी पण मागतात." मग शेव, मिक्स्चर, थोडे खट्टा-मीठा, हे सगळं मिळून पाचेक किलोचं खोकं होतं (दुकानदार त्याला बिनदिक्कत कार्टून म्हणतो, मीही म्हणतो), त्यावर सुतळी, आणि ते घेऊन इंदूर-पुणे गाडी. बर्थखाली सरकवलं की रात्रभर ते बिचारं शहाण्यासारखं बसतं. खरी मजा सकाळी पुणे स्टेशनच्या जिन्यावर, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात शेव, आणि मागून सगळी गाडी आपल्याच अंगावर चढत असते, तिथे थांबून हात बदलायचं म्हटलं तरी चोरी.

पण मला बांधणाऱ्याबद्दल तक्रार करायची नाहीये, उलट ते बांधणं बघत बसावंसं वाटतं. जुन्या दुकानात रीळ वर छताला टांगलेली असते, दोरा नेहमी डोक्यावरच लोंबत असतो. तो माणूस एका हाताने खोकं फिरवतो, दुसऱ्यानं दोरा ओढतो, आडवा वेढा, खोकं पालथं, उभा वेढा, परत सुलटं, मध्ये जिथे दोन वेढे एकमेकांवरून जातात तिथे दोरा खालून घालून वर काढून एक गाठ, आणि शेवटी सगळ्यात भारी काम म्हणजे तो दोरा तोडणं. कात्री नाही, ब्लेड नाही. दोरा बोटाला गुंडाळून त्याच्याच दुसऱ्या पदरावर आडवा घालतो आणि एक झटका, दोऱ्यानेच दोरा कापला जातो. हे सगळं चालू असताना तोंडानं पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगणं चालूच. मी एकदा म्हटलं, "भिया, पकडने का भी कुछ कर दो." तर म्हणे, "अरे डोरी हे तो सही, उसी को पकड लो." विषय संपला.

डोरी पकडल्यावर काय होतं त्याचा मी हिशेब मांडलाय, रिकामा वेळ होता. सुतळी समजा 2 मिलीमीटर जाड. चार बोटांची रुंदी साधारण 8 सेंटीमीटर. म्हणजे बोटांना सुतळीचा जो भाग लागतो तो झाला जेमतेम दीड चौरस सेंटीमीटर, आणि त्याच्यावर पाच किलो. दर चौरस सेंटीमीटरला तीन किलोच्या वर दाब पडला. आता आपलं बीपी घ्या, वरचा आकडा 120 असेल तर तो त्याच मापात फक्त 160 ग्रॅमच्या आसपास येतो. तीन किलोपुढे 160 ग्रॅम काय टिकणार, रक्त तिथून पुढे जायचं नावच घेत नाही, बोटं आधी पांढरी होतात, मग मुंग्या येतात आणि खोकं खाली ठेवलं तरी तो खोल लाल वळ कितीतरी वेळ दिसत राहतो. लोक म्हणतात खोकं जड होतं. पाच किलोचं पोर आपण तासभर कडेवर घेऊन फिरतो, तेव्हा नाही कुणी असं म्हणत. इथे वजनापेक्षा दोरा बारीक असणं जास्त नडतं.

त्याच सुतळीखाली 2 सेंटीमीटर जाडीचा दांडा आला की तेच पाच किलो सोळा चौरस सेंटीमीटरवर पसरतात, दाब थेट दहावा हिस्सा. तरीही तो 300 ग्रॅमच्या घरात राहतो, म्हणजे बीपीपेक्षा जास्तच, त्यामुळे दांडा लावला म्हणून आता गावभर हिंडता येईल असं काही नाही, हात बदलावा लागतोच. पण स्टेशनचा जिना निघतो.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. लोखंडी कडीची बादली आठवा, कडीच्या मधोमध प्लास्टिकची नळी असते ती. ती शाबूत आहे तोवर तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. एक दिवस ती तडकून गळून पडते आणि मग नुसत्या कडीनं भरलेली बादली उचलली की कळतं त्या चार बोटं नळीची किंमत काय होती. आमच्याकडे अशा बादलीच्या कडीला आईने जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली असायची, ओली झाली की वास यायचा, पण हात वाचायचा. इथल्या सियागंज बाजारात हमालांकडे पोती ओढायचा आकडा असतो, त्यातही तेच आहे, लोखंड मालाकडे आणि लाकूड हाताकडे. (पोत्यांवर "हूक लावू नका" असं छापलेलं असतं आणि आकडा बरोब्बर त्या अक्षरांच्या शेजारीच घुसतो, ते वेगळं.)

बाहेरच्या देशांत तर बांधलेल्या पुडक्यासाठी खास मूठ मिळायची. लाकडाचा छोटा गोल दांडा, त्यातून आरपार तार, तारेची दोन्ही टोकं खाली वाकवून त्यांचे हूक केलेले, हूक सुतळीत अडकवा आणि चालू लागा. अमेरिकेत दुकानदार लाकडावर दुकानाचं नाव छापून अशा मुठी गिऱ्हाइकाला देत, आता त्या मुठी जुन्या वस्तूंच्या बाजारात विकल्या जातात. मला ही वस्तू फार आवडते कारण तिच्यात आणखी काही काढून टाकण्यासारखं उरलेलंच नाही.

म्हणून मी ती केली. घरात जुन्या झाडूचा दांडा होता, त्याचा 12 सेंटीमीटरचा तुकडा कापला. हे माप मी मनानं नाही घेतलं. अमेरिकेत नायॉश म्हणून कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था आहे, तिने 1994 साली ओझं उचलण्यावर जे मॅन्युअल काढलं त्यात मूठ कशी असावी ते दिलंय, जाडी 1.9 ते 3.8 सेंटीमीटर, लांबी निदान 11.5 आणि बोटं आत जायला 5 सेंटीमीटर मोकळी जागा. गोल, गुळगुळीत, पण निसटणारी नको. एवढं वाचल्यावर झाडूच्या दांड्याकडे मी जरा आदरानं बघायला लागलो.

तार घेतली 10 गेजची, म्हणजे सव्वातीन मिलीमीटरची. याहून बारीक घेतली की ओझ्यानं हूक सरळ होतात, जाड घेतली की घरच्या पकडीनं वाकत नाही. दांड्याला आरपार भोक पाडणं हे मात्र घरी जमण्यासारखं काम नाही, ड्रिल तिरकं जातं, ते सुताराकडून करून घ्या. तो विचारेल कशाला पाहिजे, तेव्हा काहीतरी सांगा, खरं सांगितलं तर हसतो.

आता खरी गंमत हुकांची. पहिल्यांदा डोक्यात येतं की एकच हूक पुरे, जिथे वरचे दोन दोरे एकमेकांना ओलांडतात तिथे बरोब्बर मधोमध अडकवायचा, वजनाचा मध्यही तिथेच. पण एका हुकावर खोकं भोवऱ्यासारखं फिरतं, दर चार पावलांनी त्याचा कोपरा गुडघ्यावर. गाठीच्या दोन बाजूंना दोन हूक लावले की फिरणं बंद.

आणि दोन हुकांचा आणखी एक फायदा आहे तो लगेच दिसत नाही. दुकानदाराने सुतळी जितकी कचकचून बांधली असेल तितकी ती उचलताना कमी वर येते, म्हणजे जवळजवळ आडवीच राहते, आणि आडव्या दोरीला मधोमध धरून वजन उचललं की दोरीवर ताण वजनाच्या कितीतरी पट पडतो. 30 सेंटीमीटर रुंद खोक्यावरची सुतळी मधून अडीच सेंटीमीटर वर आली तर ताण होतो वजनाच्या तिप्पट, म्हणजे शेव पाच किलो आणि सुतळीला मात्र वाटतंय पंधरा किलो. खोक्याच्या कडा चिरतात त्या यामुळे, आणि घट्ट बांधलेली सुतळीच नेमकी तुटते तीही यामुळेच. त्याच सुतळीला 12 सेंटीमीटर अंतरावर दोन हूक लावले की हुकापासून कडेपर्यंतचं अंतर कमी होतं, दोरी जरा जास्त उभी होते, आणि ताण अडीचपटीच्याही थोडा खाली येतो. फार नाही, पण खजुरी बाजारातून जूनमध्ये वह्या-पुस्तकांचा गठ्ठा आणताना तेवढाच फरक कामाला येतो. पुस्तकांचा गठ्ठा हा खोक्याहून वाईट असतो, त्याला पोट नाही, लवचिकपणा नाही, नुसती वीट.

हुकांच्या तारा खाली पाचसहा सेंटीमीटर उतरत्या ठेवल्या की बोटांना लागणारी मोकळी जागा आपोआप मिळते, सुतळी कितीही घट्ट असो. या मुठीची सगळी हुशारी मला विचाराल तर या दोन उतरत्या तारांतच आहे, लाकूड काय, कुठलंही चालतं.

मग अशी चांगली वस्तू गेली कुठे? तर तिला हँडल असलेल्या पिशवीनं खाल्लं. अमेरिकेत सेंट पॉल नावाच्या गावात वॉल्टर ड्यूबेनर म्हणून किराणावाला होता, त्याच्या लक्षात आलं की गिऱ्हाईक पैसे संपले म्हणून खरेदी थांबवत नाही, हात भरले म्हणून थांबवतं. 1912 मध्ये त्याने कागदी पिशवीला खालून दोरी ओवून वर तिचेच बंद काढले, 75 पाउंड म्हणजे 34 किलो माल मावायचा म्हणे. पुढे स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थूलिनने प्लास्टिकची एकसंध पिशवी काढली, तिचं अमेरिकन पेटंट 1965 चं. हँडल वेगळं जोडायचंच नाही, पिशवीतूनच कापायचं. आपल्या बोचक्याची युक्ती तरी दुसरी काय आहे, चार टोकांची गाठ मारली की तीच मूठ. फक्त बोचक्याची गाठ जाडजूड असते, आणि त्या प्लास्टिकच्या पिशवीचे बंद जरा वजन आलं की पिळून पिळून परत सुतळीच होतात, आणि बोटांचे हाल तेच.

आता त्या पातळ पिशव्यांवर नियम आले, 2021 च्या सप्टेंबरअखेर 75 मायक्रॉनच्या खालच्या बंद आणि 2022 सालअखेर 120 च्या खालच्या. आमचं इंदूर स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं येतंय, त्यामुळे इथे तर पिशवी मागितली की दुकानदार अशा नजरेनं बघतो की आपणच नंबर घालवणार. म्हणजे मुठीला परत दिवस यायला हरकत नव्हती. मी माझी मूठ त्या शेववाल्याला नेऊन दाखवली. त्याने हातात घेतली, हूक लावून खोकं उचलून बघितलं, दोनदा उचललं, आवडली हे दिसत होतं. मग म्हणाला, "चीज तो मस्त हे भिया, पर ये वापस कौन लाएगा?"

बोलणं चूक नव्हतं. फुकट द्यायला ती महाग आहे, विकायला गेलं तर इतकी क्षुल्लक की कुणी विकत घेणार नाही, आणि स्वतःची खिशात घेऊन फिरावी तर ज्या दिवशी खोकं घ्यायचं असतं त्या दिवशी नेमकी ती घरी खुंटीला. छत्रीचं तरी आभाळ बघून लक्षात राहतं, शेवेला कसलं आभाळ.

म्हणून आता मी दोन प्रकार ठेवलेत. लाकडाची तार-हूकवाली माझी स्वतःची, ती प्रवासाच्या बॅगेतच राहते, बॅगेतून काढायचीच नाही असा घरात नियम आहे आणि बायकोने तो आजपर्यंत तरी पाळलाय. दुसरी द्यायची. ती म्हणजे इलेक्ट्रिकवाले भिंतीतून वायर नेतात त्या 20 मिलीमीटरच्या पाइपचा 11-12 सेंटीमीटरचा तुकडा, हॅक्सॉनं लांबीला एका बाजूने चिरलेला. ही खोक्याबरोबर पुण्याला गेली आणि परत आली नाही तरी वाईट वाटत नाही. मात्र तिला हूक नाहीत, त्यामुळे दुकानदाराला आधीच सांगून गाठीवर सुतळीची एक सैल कडी ठेवून घ्यावी लागते, बोटं आत जातील एवढी. "भिया, ऊपर एक कडी छोड देना," म्हटलं की तो काही न विचारता सोडतो. पाइपची टोकं कानशीनं गोल करून घ्यायची, नाहीतर सुतळी तिथेच काचते. आणि चीर सुतळीपेक्षा जराशी बारीक ठेवायची, म्हणजे दाबल्यावर सुतळी आत जाते पण आपली आपण बाहेर येत नाही. धरताना चीर वर, तळहाताकडे. खाली धरली तर ओझं त्याच फटीतून निसटायला बघतं.