रिकामी खिडकी

"मुकुट काढून ठेवला बघ त्यानं," आई म्हणाली, आणि भडंगाची वाटी तिच्या हातातच राहिली.

काल रात्री 'गेम ऑफ थ्रोन्स' या इंग्रजी मालिकेच्या सहाव्या सीझनचा शेवटचा भाग लावला होता, २०१६ चा. मी चौथ्यांदा बघत होतो, आई पहिल्यांदाच.

पियानो वाजत राहतो. राणी सर्सीच्या कटानं अख्खं मंदिर हिरव्या आगीत उडतं. पण कॅमेरा थांबतो तो तिच्या लेकाच्या, राजा टॉमेनच्या खिडकीवर. पोरगा मुकुट उतरवतो, बाजूला जातो. खिडकी रिकामी, लांब धूर. मग तो परत येतो आणि एक शब्द न बोलता स्वतःला खाली झोकून देतो.

पुढं जॉन या नायकाच्या जन्माचं गूढ उलगडतं, डॅनेरिस या दुसऱ्या राणीची जहाजं निघतात. सहा सीझन विखुरलेले धागे एका रात्रीत जुळतात. मला दरवेळी तेच भारी वाटायचं. आई मात्र खिडकीपाशीच अडकली होती.

सकाळी हरिपूरला गेलो, संगमावर. वारणा कृष्णेला मिळते तिथं किती शांत वाटतं! पण २०१९ ला दोघी एकदमच फुगल्या, तेव्हा पाणी कुठं कुठं शिरलं ते आपण सांगलीकरांनी बघितलंय. गोष्टी एकत्र येतात तेव्हा त्या पाण्यात कोण सापडलं, हे मी चार वेळा बघूनही बघितलं नव्हतं.

घरी आलो तर चहा घेताना आईचा प्रश्न, "काय रे, आग लावताना तिला पोराची आठवण आली नसेल का?"