तुम्ही विचारलंत म्हणून: आवाजाचा एवढा त्रास, तरी लिनक्स का?

दुकानात येणारे, चुलतभाऊ, मुलाचे मित्र, सगळ्यांचा एकच प्रश्न: "साधं गाणं लावायला तास घालवता, तरी लिनक्स का सोडत नाही?" 'सवय झालीय' म्हणून मी विषय बदलतो. आज सांगतो. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली.

रोज तास जात नाही. महिनोन्महिने काही होत नाही. आणि झालंच, तर तळापर्यंत उतरून बघता येतं. 2003 च्या शेवटी 2.6 कर्नेल (लिनक्सचा गाभा) आलं, तेव्हापासून साउंड कार्ड चालवायचं काम त्यातल्या आल्सा या भागाचं. त्याच्या वर, सगळ्या प्रोग्रामचा आवाज एकत्र करून खाली पाठवायला, पूर्वी पल्सऑडिओ असायचं, आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर. प्लेअरपासून कार्डापर्यंत एकेक पायरी तपासत जायचं, की अडलेली जागा सापडतेच. हे मी छाती काढून सांगायचो.

मग अण्णांचं वर्षश्राद्ध आलं.

अण्णांचा जन्म सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर गेला. एकादशीला घरी अभंग म्हणायचे. त्यांच्या आवाजातलं अकरा मिनिटांचं एकच रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. जेवणं उरकल्यावर ते लावायचं ठरलं. अक्कलकोटची आत्या त्यासाठीच थांबली. मी लावलं. प्लेअरमध्ये सेकंद पळतायत, स्पीकर गप्प. आल्सामिक्सर, म्हणजे आल्साच्या आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम, उघडला. आवाज बंद असेल तर पट्टीखाली 'एमएम' दिसतं. इथे सगळीकडे 'ओओ', म्हणजे चालू. पाइपवायर पुन्हा सुरू केलं, मग अख्खं मशीन. आत्यानं खुर्ची पुढे ओढली, पदर मागे सारला आणि स्पीकरच्या जाळीला कान लावला.

"ऐकू येईना की रे. माझेच कान गेले काय की."

मी "नाही गं, थांब" म्हणालो आणि स्क्रीनकडे वळलो. पुतण्यानं दोनदा विचारलं, "काका, फोनवर घेऊ का?" दोन मिनिटांचं काम होतं. दोन्ही वेळा मी नको म्हणालो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला त्याच मशीनवर, सगळ्यांसमोर वाजवून दाखवायचं होतं. साडेपाचच्या एसटीनं आत्या गेली.

रात्री अकराला सापडलं. सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून 'हेडफोन' लिहिलेलं होतं. दुपारी ते मी तीनदा वाचलं आणि पुढे गेलो, कारण हेडफोन लावलेलाच नव्हता. पुढच्या जॅकमधली पत्ती वाकून अडकली होती. कार्डाला वाटत होतं हेडफोन लावलाय, म्हणून ऑटो-म्यूट (हेडफोन लावला की स्पीकर आपोआप बंद करणारं सेटिंग) मागचे स्पीकर बंद ठेवत होतं. आल्सामिक्सरमध्ये पार उजवीकडे जाऊन ऑटो-म्यूट बंद केलं, आउटपुट 'लाइन आउट', म्हणजे मागचे स्पीकर, केलं. अण्णा गायला लागले. घरात सगळे झोपले होते.

जॅक मोडलेला, त्यात लिनक्सचा काय दोष, असं मी पुढे सगळ्यांना सांगत राहिलो. खोटं नाही ते. तळाशी उतरता आलं म्हणूनच कारण सापडलं, हेही खरं. पण पुतण्याला 'हो' म्हणायला मला कुणी अडवलं होतं? तेव्हाचा मी म्हणतो, एकदा हार मानली की दर वेळी मानावी लागते. त्याला आत्याचा जाळीला लावलेला कान दाखवतो, तरी तो हट्ट सोडत नाही, आणि मलाही त्याला पूर्ण चूक म्हणवत नाही.

लाजेपोटी आठ दिवस आत्याला फोन केला नाही. मग रेकॉर्डिंग तिच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवलं. तोवर ती कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती.

मशीनवर अजून लिनक्सच आहे. पुढच्या जॅकची वायर मी मदरबोर्डवरून काढून टाकली.