तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या पडद्यावर रस्ता थरथरत का नाही?

माझ्या कार रेसिंगच्या सिम्युलेटरवर बसून दोन-तीन लॅप मारल्या की बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात. "फॉर्म्युला वनच्या हेल्मेट कॅमेऱ्यात सगळं केवढं थरथरत असतं! तुमच्याकडे रस्ता इतका शांत कसा? कॅमेरा शेक बंद ठेवलाय का? मग ह्याला खरं कसं म्हणायचं?"

हो, कॅमेरा शेक, म्हणजे गेमने चित्र मुद्दाम थरथरवण्याची सोय, बंद ठेवलाय, आणि खरं वाटावं म्हणूनच ठेवलाय.

प्रश्न रास्त आहे. 2021 मध्ये बेल्जियमच्या स्पा सर्किटवर फर्नांडो अलोन्सोच्या हेल्मेटच्या आत, डोळ्याच्या अगदी शेजारी, एक इवलासा कॅमेरा बसवला गेला. 2023 पासून तो सगळ्याच ड्रायव्हरांच्या हेल्मेटमध्ये आला. ते चित्रण ज्याने एकदा पाहिलं त्याला वाटणारच की ड्रायव्हरला असंच दिसत असेल. पण तो कॅमेरा हेल्मेटला पक्का बसवलेला असतो आणि डोळा खोबणीत मोकळा फिरतो. सगळा फरक इथेच पडतो.

आत्ताच करून बघा. हा मजकूर वाचता वाचता मान "नाही, नाही" म्हणताना हलवतो तशी हलवा, सेकंदाला दोनेक वेळा. अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवा आणि हातातला मोबाइल तेवढ्याच वेगाने डावी-उजवीकडे हलवा. ओळी पुसट होतात, एक शब्द धड लागत नाही. दोन्ही वेळा डोकं आणि अक्षरं यांच्यातली हालचाल सारखीच होती. फरक एवढाच, की पहिल्या वेळी आतल्या कानाला ती कळली होती. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कुठे आणि किती वेगाने वळतंय ते टिपतात, आणि जवळजवळ दहा मिलिसेकंदांत डोळे तेवढेच उलट दिशेला फिरतात. विचार करायचं कामच नाही, ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. दुसऱ्या वेळी मान हललीच नाही, त्यामुळे कानाकडून काही निरोप गेला नाही. डोळ्यांना नुसतं बघून पाठलाग करावा लागला, आणि त्याला साधारण दहापट उशीर होतो.

आता सिम्युलेटरवर बसलेल्या माणसाचा विचार करा. तो खुर्चीत स्वस्थ बसलाय, पडदा समोर आहे. गेमने अख्खं चित्र हलवलं की त्याची गत दुसऱ्या प्रयोगासारखी होते. खऱ्या गाडीतल्या ड्रायव्हरची गत मात्र पहिल्या प्रयोगासारखी असते. त्याचं डोकं हादरतं, पण ब्रेक कुठे मारायचा ते सांगणारी, वळणाआधीची शंभर मीटरची पाटी त्याला जागच्या जागी दिसते. गावाकडच्या खडबडीत रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा. हादरे कंबरेला बसतात, समोरचं झाड नाचत नाही. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत मात्र तेच झाड नाचतं.

म्हणजे डोकं हलल्याचं दाखवायचंच नाही का? दाखवायचं, पण हालचाल कोणती ते पाहून. लोक इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. डोकं सरकणं वेगळं आणि गेममधला कॅमेरा वळणं वेगळं.

समजा वळणावर डोकं बाजूला 3 सेंटीमीटर सरकलं. स्टिअरिंग डोळ्यांपासून अर्ध्या मीटरवर आहे, त्यामुळे ते साधारण साडेतीन अंशांनी जागा बदलतं. ब्रेकिंगची पाटी 100 मीटरवर आहे, ती एका अंशाच्या पन्नासाव्या भागाइतकीही हलत नाही. माझ्या तीन पडद्यांपैकी मधला 27 इंची आहे आणि मी त्याच्यापासून 60 सेंटीमीटरवर बसतो. या हिशेबाने फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे चित्रात मावणारा कोन, आडवा 53 अंशांच्या आसपास येतो. 1920 पिक्सेल रुंदीच्या चित्रात स्टिअरिंग शंभराहून जास्त पिक्सेल सरकेल आणि पाटी एक पिक्सेलभरही नाही. उलट, कॅमेरा नुसता एक अंश खाली झुकवला तर पाटी, क्षितिज, कर्ब (वळणाच्या कडेची उंचवट्याची रंगीत पट्टी) सगळं एकदम तीस-पस्तीस पिक्सेल उडतं. जोरात ब्रेक मारायच्या नेमक्या क्षणी नजरेला जिथे टेकायचं तीच जागा हातातून जाते.

म्हणून माझा नियम साधा आहे. डॅशबोर्ड हलू दे, आरसे हलू देत, रस्ता हलता कामा नये. 'असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने' या रेसिंग गेममध्ये 'लॉक टू होरायझन' नावाचा स्लायडर आहे. तो वाढवला की गाडीचं नाक वर-खाली होतं आणि क्षितिज जागेवर राहतं. बऱ्याच जणांना तो आधी मिळमिळीत वाटतो, पण कर्बवरून जाताना गाडी आपल्याभोवती हादरतेय हे त्यात जितकं नीट कळतं तितकं कुठल्याही शेकमध्ये कळत नाही. 2009 च्या 'नीड फॉर स्पीड: शिफ्ट'मधला कॉकपिट कॅमेरा खूप हलायचा. वेगाची भीती पडद्यावर आणण्याचं ते काम मला आजही आवडतं. फक्त ब्रेकिंग पॉइंट, म्हणजे ब्रेक मारायची नेमकी जागा, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत साधायचा असेल तर तो कॅमेरा चालत नाही.

या प्रतिक्षिप्त क्रियेलाही मर्यादा आहेत. हादरे फार जलद किंवा फार मोठे झाले की खऱ्या ड्रायव्हरलाही धूसर दिसतं. 2022 च्या अझरबैजानमधल्या बाकू शर्यतीनंतर फॉर्म्युला वन ड्रायव्हर लुइस हॅमिल्टनला गाडीतून उतरणंही कठीण झालं होतं, इतकी ती गाडी सरळ रस्त्यावर आदळत होती. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग सर्किटच्या कारुसेल वळणावरच्या काँक्रीटच्या फरशाही अशाच अंग हलवून सोडतात. पण तो अनुभव मला डोळ्यांवाटे नको, अंगावाटे हवा. सीटखाली बेस शेकर, म्हणजे आवाजावर सीट थरथरवणारं यंत्र, लावलाय, हाताला फोर्स फीडबॅक आहे, म्हणजे स्टिअरिंगच मोटरने हाताला ओढ देतं. थरथर तिथून येऊ दे.

आणि डोक्याची जी हालचाल खरोखर महत्त्वाची आहे तिच्याबद्दल मला फारसं कुणी विचारत नाही. मायकेल लँड आणि बेंजामिन टॅटलर या संशोधकांनी इंग्लंडमधल्या मॅलरी पार्क सर्किटवर टोमास शेक्टर या ड्रायव्हरची नजर आणि मान टिपली आणि 2001 मध्ये निष्कर्ष छापले. टोमास हा 1979 चा फॉर्म्युला वन जगज्जेता जोडी शेक्टर याचा मुलगा. त्याची मान वळणाच्या दिशेने आधीच फिरायची, आणि ती किती फिरली यावरून साधारण सेकंदभरानंतर गाडी किती वेगाने वळणार ते कळायचं. म्हणजे हादऱ्याने हललेली मान नव्हे, ड्रायव्हरने स्वतः वळवलेली मान. ती गेमने आपोआप वळवून दिली तर मला उपयोगाची नाही, कारण मग कुठे बघायचं हे गेम ठरवतो. म्हणून मी पैसे शेकच्या एखाद्या प्लगइनवर न घालवता तीन पडद्यांवर घातले. स्पाच्या ला सूर्स वळणाला ब्रेकवर पाय पडायच्या आधीच माझी नजर उजव्या पडद्यावर गेलेली असते. एकच पडदा असेल तर वळणाचा पुढचा भाग त्याच्या बाहेर राहतो. तेव्हा उजवी-डावीकडे बघायचं बटण स्टिअरिंगवर अंगठ्याच्या जागी लावून घ्या. व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर लावायचा पडदा, असेल तर मान तुमची तुम्हीच वळवता आणि कानाची यंत्रणाही कामाला लागते. त्यात कॅमेरा शेकचे सगळे स्लायडर आधी शून्यावर आणा, नाहीतर दहा मिनिटांत मळमळायला लागेल.