तुम्ही विचारलंत म्हणून: खराट्याचे हीर कशाला?

दर वर्षी कुणीतरी पालक विचारतातच. "बाई, त्रिकोणाच्या लहान दोन बाजूंची बेरीज मोठीपेक्षा जास्त हवी, एका ओळीचा तर नियम. त्यासाठी पोरांना हीर तोडायला लावून दोन तास घालवता?" हो, घालवते. एका ओळीत मलाही सांगता येतं. हे तर गाढवालाही कळतं, म्हणून भूमितीवाल्या ग्रीक युक्लिडची टिंगल झाली होती: गाढव चाऱ्याकडे सरळच जातं, दोन बाजू फिरून जात नाही. गाढवाला कळतं. मला कळलं नव्हतं.

नोकरीचं दुसरं वर्ष. चाचणीत हेरॉनच्या सूत्रावर (तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायचं सूत्र) एक गणित मी मनानंच घातलं: बाजू 5, 7 आणि 13 सेमी, क्षेत्रफळ काढा. अर्धपरिमिती 12.5. त्यातून 13 गेले की उणे 0.5, आणि वर्गमुळाखाली ऋण संख्या. घाईत मी उणे गिळलं, नमुना उत्तर काढलं 16.06. बहुतेक पोरांनीही तेच गिळलं. त्यांना पूर्ण गुण. एका मुलीनं एवढंच लिहिलं होतं, "असा त्रिकोण होत नाही." तिला शून्य.

मधल्या सुट्टीत ती आली. दाराआडच्या खराट्यातले हीर ओढले, पट्टीनं मापून मोडले आणि माझ्या टेबलावर मांडले. 13 चा खाली, त्याच्या दोन टोकांना 5 आणि 7. दोन्ही पार आडवे झोपवले तरी मध्ये सेंटिमीटरभर फट. मला दिसली. शेजारी चहा पीत बसलेल्या दोन सरांनाही दिसली असणार. मी म्हणाले, "उद्धटपणा करू नकोस. सूत्र वापरायचं होतं." तिनं हीर गोळा केले, टेबल हातानं पुसलं आणि गेली. गुण मी बदलले नाहीत.

तेव्हाची मी अजून भांडते: तिचे दिले असते तर बाकी वर्गाचे काढून घ्यावे लागले असते. खरं आहे. पण मला काळजी गुणांची नव्हती, त्या चहावाल्या सरांची होती.

पुढे कधीतरी 'लीलावती' वाचायला घेतली. 1150 च्या त्या ग्रंथात भास्कराचार्य अशा आकृतीला 'अक्षेत्र' म्हणतात. 3, 6, 9 बाजूंचा त्रिकोण उदाहरणाला घेतात आणि पटत नसेल तर तेवढ्या मापाच्या सरळ काड्या मांडून दाखवा म्हणतात. असलं गणित घालणाऱ्याला त्यांचा शब्द आहे 'धृष्ट'. उद्धट. घालणाऱ्याला हं, सोडवणाऱ्याला नाही.

म्हणून हीर. आता त्यानं नियम पक्का होतो म्हणाल, तर तसंही नाही. हिराला जाडी असते, वर पोरं मोडतात केसभर लांब. 3, 6, 9 चा बारीकसा त्रिकोण उभा राहतो चक्क! मागच्या आठवड्यात एकानं दाखवला, "बाई, झाला की!" अर्धा तास वाद घातला. त्याला उद्धट म्हणाले नाही, एवढंच. पटलेलं त्याला अजून नाही.