टाँटनचा रांजण आणि कॅरॉसियस

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलहून टाँटन ट्रेनने तासाभराच्या आतलं, गावातल्या जुन्या किल्ल्यातच म्युझियम ऑफ सॉमरसेट आहे आणि प्रवेश फुकट. मी गेले ती खास फ्रोम गावाजवळ सापडलेली रोमन नाणी बघायला.

२०१० च्या एप्रिलमध्ये फ्रोमजवळच्या शेतात एका मेटल डिटेक्टरवाल्याला ही सापडली, आणि त्याचं मला फार कौतुक वाटतं कारण आत रांजण आहे हे कळल्यावर त्याने खणणं थांबवून तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी तो जागेवरच एकेक थर करत रिकामा केला. ५२,५०३ नाणी, वजन साधारण १६० किलो! ब्रिटनमध्ये एकाच भांड्यात एवढी रोमन नाणी कधीच सापडली नव्हती.

बहुतेक नाणी तिसऱ्या शतकातल्या पडत्या काळातली, गॅलिएनस, दुसरा क्लॉडियस, टेट्रिकस वगैरे सम्राटांची, नाण्यावर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट असतो पण चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेलेली. मी मात्र रमले ती कॅरॉसियसपाशी. हा आरमाराचा सरदार, चाच्यांना पकडायचं काम होतं, लूट स्वतःच ठेवतो असा आरोप आला आणि रोमन सम्राट मॅक्सिमियनने त्याला मारायचा हुकूम काढला, तर या पठ्ठ्याने २८६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वतःलाच सम्राट जाहीर केलं. जाड मान, दाढी, एकदम दांडगा चेहरा. आणि चांदीची नाणी पाडली ती खरीखुरी चांदीची! त्यातली पाच इथे आहेत, ती सोडू नका. २९३ मध्ये अ‍ॅलेक्टसने, म्हणजे त्याच्याच माणसाने, त्याला मारलं.

आता हे गुप्तधन म्हणून पुरलं होतं का? मला नाही पटत. रांजण इतका पातळ की भरल्यावर उचलताच आला नसता, म्हणजे आधी तो खड्ड्यात ठेवला आणि मग लहान भांड्यांतून नाणी ओतली. शिवाय कॅरॉसियसची नाणी सगळ्यात नवी, तरी त्यातली बरीचशी अर्ध्याच्या खाली सापडली, म्हणजे वर्षानुवर्षं थोडी थोडी साठवलेली शिल्लक ही नव्हे. परत काढायचंय तर असं कोण पुरेल? काही तज्ज्ञ म्हणतात की लोकांनी मिळून देवाला वाहिलं असावं आणि मला तेच खरं वाटतं, फ्रोमपासून जवळच बाथच्या गरम झऱ्यातही हजारो रोमन नाणी मिळालीयेत, तीही वाहिलेलीच. वेळ असेल तर एकाच ट्रिपमध्ये दोन्ही बघा.