तिथी पाहून निघावे

पक्षी पाहायला भिगवणला नेमाने जाणाऱ्या आम्हा पुणेकरांची एक सवय असते: अंधारात निघायचे, उजाडता उजाडता पाण्यावर पोचायचे आणि उन्हे चढायच्या आत परतायचे. तिथल्या उजनी धरणाचे पाणी तासातासाला जागा बदलत नाही, त्यामुळे तिथे हे खपून जाते. त्याच हिशेबाने जानेवारीत, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे चारला पुणे सोडून खोपोली-पेणमार्गे साडेसातला अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर पोचलो, तर समुद्र पार लांब ओसरलेला आणि पक्षी दुर्बिणीतूनही ठिपक्यांएवढे.

जाळे सोडवत बसलेल्या एका काकांनी विचारले, "तिथी पाहून नाही आलात?" त्यांचा हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते, त्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता. शिवाय उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे, दिवस असल्याने ओहोटीही दूरवर गेलेली. अष्टमीच्या सुमारास, भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी एवढे हटत नाही. मधल्या वेळात गावातला, शके ९३४ चा मानला जाणारा मराठी शिलालेख पाहून आलो.

साडेदहानंतर चढते पाणी जवळ येऊ लागले आणि पक्षी आपणहून आमच्याकडे सरकू लागले. चिखल्या, म्हणजे प्लोव्हर, चार पावले धावून थबकतात, टिपतात, पुन्हा धावतात. छोटे टिलवे, म्हणजे लिटल स्टिंट, मात्र शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच न थांबता चालवतात. तपकिरी डोक्याच्या कुरवांचे, म्हणजे गल पक्ष्यांचे, डोके हिवाळ्यात पांढरे असते आणि कानामागे फक्त एक काळपट डाग उरतो, त्यामुळे नवख्याला या नावाचा काही उपयोग होत नाही. सर्वाधिक वेळ मी एका कोरलाला, म्हणजे कर्ल्यूला दिला. लांब, खाली वळलेली चोच त्याने बिळात जवळजवळ मुळापर्यंत घातली, खेकडा ओढून काढला, झटके देऊन त्याच्या नांग्या-पाय झाडून टाकले आणि उरलेले धड गिळले.

बाराच्या सुमारास वाळूचा पट्टा अरुंद झाला आणि सगळा थवा त्यावर दाटीने, बरेचसे एका पायावर, विसावला. तेवढ्यात पर्यटकांची एक जीप थेट त्यांच्यातून गेली. थवा उठला, पाण्यावर दोन घिरट्या घालून परत आला, बसतो न बसतो तोच जीप वळून आली. तिसऱ्या खेपेला तो खाडीच्या दिशेने निघून गेला. भरतीची हीच त्यांची विश्रांतीची वेळ असते, हे त्या मंडळींना ओरडून सांगण्याइतका मी जवळ नव्हतो.

पुढची खेप द्वितीयेला ठरवली आहे. भरती दीडला, म्हणजे पुण्याहून सहाला निघाले तरी चालेल.