झोंबणारे मलम

मलमाच्या ट्यूबच्या झाकणाला मागच्या बाजूने एक अणकुचीदार टोक असते. ट्यूबच्या तोंडावरचा पातळ पत्रा त्या टोकाने फोडला, की पांढुरके, चिकट, जवळजवळ बिनवासाचे मलम हळूच बाहेर डोकावते. दिसायला व्हॅसलिनइतकेच निरुपद्रवी. ते मानेवर लावले, दिवा मालवला आणि पाच-सात मिनिटांत मी पुन्हा उठून बसले, कारण मानेवर कोणीतरी तापलेला उलथना टेकवून विसरून गेल्यासारखे वाटत होते.

माझे इसब जुने आहे. हेल्मेटचा पट्टा जिथे घासतो तिथे, हनुवटीखाली आणि मानेच्या उजव्या बाजूला ते दर उन्हाळ्यात उगवते, आणि अलीकडे त्याने डाव्या डोळ्याची पापणीही गाठली होती. इतकी वर्षे स्टेरॉइडच्या मलमावर भागत असे. लावले की चार दिवसांत साफ आणि थांबवले की पंधरा दिवसांत परत. पापणीची त्वचा मुळातच पातळ असते आणि तिथे स्टेरॉइड फार काळ चोळत राहिले तर ती आणखी पातळ होते, डोळ्यातला दाबही वाढू शकतो, असे सांगून डॉक्टरांनी या वेळी टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेले औषध लिहून दिले. त्याचे प्रमाण ०.१ टक्का, म्हणजे दहा ग्रॅमच्या अख्ख्या ट्यूबमध्ये औषध अवघे दहा मिलिग्रॅम. लिहून देताना त्या म्हणाल्या, "सुरुवातीला थोडी जळजळ होईल." डॉक्टरांच्या 'थोडी' या शब्दाचे माप कोणत्याही वैद्यकीय कोशात सापडणार नाही.

दुसरी सूचना त्यांनी प्रश्नाच्या रूपात दिली, "अल्कोहोल घेता का कधी?" हे मलम चालू असताना थोडेसे मद्य घेतले तरी काही जणांचा चेहरा लालबुंद होतो, म्हणून तो प्रश्न अगदी रास्त होता, फक्त तो विचारताना शेजारच्या खुर्चीत सासूबाई बसलेल्या होत्या. माझा चेहरा मलम लावण्याआधीच लाल झाला.

पहिल्या रात्री मी सगळ्या चुका एकदमच केल्या. गरम पाण्याने आंघोळ करून, मान धड कोरडीही न करता, वर्तमानपत्राला खळ लावावी तसे भरपूर मलम फासले. आग सुरू झाल्यावर घाबरून कोमट पाण्याने ते धुवायला गेले. औषध पॅराफिनच्या तेलकट मिश्रणात कालवलेले असल्यामुळे पाण्याने ते हलले नाही, आणि पाण्याच्या उबेने आग मात्र दुप्पट झाली. रात्री साडेअकरा वाजता मी पंख्याखाली मान वाकडी करून बसले होते आणि सासूबाई दारात उभ्या राहून अत्यंत समाधानाने म्हणत होत्या, "झोंबतंय ना? मग लागू पडतंय बघ."

त्यांची पिढी टिंक्चर आयोडीनवर वाढलेली. खरचटलेल्या गुडघ्यावर कापसाचा बोळा टेकला, की पोराने किंचाळायचे आणि आईने फुंकर घालत 'झालं, झालं' म्हणायचे, हा त्यांच्या लेखी उपचाराचा विधीच होता. जे औषध कडू नाही ते पोटात काम करत नाही आणि जे झोंबत नाही ते कातडीवर काम करत नाही, हा हिशेब त्यांनी कधी मांडून दाखवला नाही, पण तो त्यांच्या स्वरात असतो. थंडगार वाटणाऱ्या मलमाला त्या 'क्रीम' म्हणतात. 'औषध' हा किताब त्याला मिळत नाही.

या निमित्ताने मी आगीच्या शब्दांचा पुष्कळ विचार केला, कारण तिसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन केल्यावर तिकडून विचारणा झाली, "नेमकं काय होतंय?" जळजळ छातीत होते, पित्ताने. चुरचुर डोळ्यांत, जागरणाने. चरचर ताज्या जखमेला मीठ लागल्यावर. आग तळपायांची होते आणि भगभग संपूर्ण अंगाची. माझ्या मानेला यातला एकही शब्द पुरेसा बसेना. शेवटी मी म्हणाले, "झोंबतंय. ठेचा कुटलेला हात लागल्यासारखं." थंडी झोंबते, बोलणे झोंबते, मिरची झोंबते, आणि झोंबाझोंबीत दोन माणसे एकमेकांना सोडत नाहीत; हे मलमही तसेच अंगाला भिडून बसले होते.

आणि ठेच्याची उपमा नुसती उपमा नव्हती, हे मला नंतर वाचताना कळले. आपल्या चेतातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचे एक प्रथिन असते. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की ते उघडते आणि मेंदूला 'भाजते आहे' असा निरोप जातो. मिरचीतले कॅप्सेसिन हेच दार तापमान न वाढवताच उघडते, म्हणून थंडगार ठेचाही तोंड भाजतो. हे प्रथिन १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीचाच माग काढत शोधले आणि त्यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले. टॅक्रोलिमसची आगही याच वाटेने जाते असे मानले जाते. जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीत १९८४ साली सापडलेल्या एका जिवाणूपासून आलेले हे औषध मुळात दुसऱ्याचे यकृत किंवा मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून वापरात आले. मलमाच्या रूपात ते त्वचेतल्या चवताळलेल्या पेशींना शांत करते, पण वाटेत चेतातंतूंनाही डिवचते. ते तंतू आपल्याजवळचा वेदनेचा रासायनिक साठा ओतून टाकतात आणि साठा रिता झाला की काही दिवसांत गप्प बसतात. थोडक्यात, आग आणि गुण हे दोन वेगळे कारभार आहेत. सासूबाईंना हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मटार सोलायला घेतले.

फोनवरून मिळालेल्या सूचना साध्या होत्या आणि त्यांनीच मला तारले. आंघोळीनंतर त्वचा पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबायचे. आधी साधे मॉइश्चरायझर लावून ते मुरू द्यायचे आणि मग मलम. मलम बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतच घ्यायचे, कारण तेवढ्यात साधारण अर्धा ग्रॅम येते आणि दोन तळहातांएवढी जागा व्यापते. माझी मान आणि पापणी मिळून तेवढीही नव्हती. त्वचा कुठे ओली, पाझरणारी दिसली, किंवा सूज आली, तर थांबून दाखवायला यायचे. पण नुसत्या आगीला भिऊन मनाने जुन्या ट्यूबकडे वळायचे नाही. शेवटची सूचना मला सर्वांत आवडली: ट्यूब फ्रिजमध्ये ठेवून पाहा.

तेव्हापासून ट्यूब फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी राहू लागली. गार मलम लावले की पहिली दोन-तीन मिनिटे तरी मेंदूला चकवता येते; आग त्यानंतरच आपली आठवण करून देते. ती वेळ मी नेमून टाकली. मलम लावायचे, हात धुवायचे, ओढणी बाजूला ठेवायची, गॅलरीतल्या वाऱ्यात खुर्ची टाकून बसायचे आणि वीस मिनिटे कोणाच्याही फोनला उत्तर द्यायचे नाही. स्वयंपाकघर आधीच आवरून ठेवायचे, कारण पेटलेल्या गॅसपुढे उभे राहिले की मान पुन्हा बोलू लागते. चौथ्या रात्री आग पंधरा मिनिटे टिकली, सहाव्या रात्री आठ. पापणी आधी निवली, मान हट्टी निघाली. घड्याळ लावून आपल्याच कातडीची अशी चौकशी मी आयुष्यात प्रथमच करत होते.

नवव्या रात्री मी गॅलरीत बसले आणि काहीच झाले नाही. दहा मिनिटे वाट पाहिली. वारा होता, खालच्या मजल्यावरची फोडणी येत होती, आणि मान नुसती मान होती. खाज तर दोन दिवसांपूर्वीच थांबली होती, लाली उतरली होती. तरीही मी उठून आत गेले, फ्रिज उघडला आणि आपण चुकून दुसरीच ट्यूब तर लावली नाही ना, हे दिव्याखाली धरून वाचले. नाव बरोबर होते, मुदतही संपलेली नव्हती.

"आज झोंबलं नाही का गं?" सासूबाईंनी आतून विचारले.

"नाही."

"मग थोडं जास्त लाव."

मी झाकण अर्धे फिरवले होते.